मिनीव्हॅनने लहान कॅम्पर ट्रेलर ओढणे

कुटुंबाच्या रोजच्या वापरातील मिनीव्हॅनच्या मागे लहान कॅम्पर ट्रेलर जोडून प्रवास करणे ही विशेषतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत रूढ असलेली सहलीची पद्धत आहे. कॅम्पर ट्रेलर म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि थोडेफार सामान ठेवण्याची सोय असलेली, स्वतःचे इंजिन नसलेली चाकांवरची खोली होय. मिनीव्हॅन मुळात माणसे वाहून नेण्यासाठी बनवलेली असते. ओझे ओढणे हे तिचे दुय्यम काम आहे. त्यामुळे ट्रेलर जोडण्यापूर्वी तिच्यात काही भाग बसवावे लागतात आणि त्याहूनही आधी वजनांचा हिशेब करावा लागतो. हा हिशेब चुकल्यास गाडी ट्रेलर ओढते खरी, परंतु उतारावर थांबत नाही किंवा वेगात असताना ताब्यात राहत नाही.

पार्श्वभूमी

क्रायस्लर कंपनीने नोव्हेंबर १९८३ मध्ये डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या गाड्यांचे उत्पादन सुरू केले, तेव्हापासून अमेरिकेत मिनीव्हॅन हा स्वतंत्र वाहनप्रकार मानला जाऊ लागला. त्यापूर्वी कौटुंबिक सहलींसाठी लांबलचक स्टेशन वॅगन वापरल्या जात. त्या गाड्यांना भक्कम चौकट, मोठे इंजिन आणि मागील चाकांना चालना असे. मिनीव्हॅनची रचना याच्या उलट होती. तिला स्वतंत्र चौकट नव्हती, पत्र्याची एकसंध काया हाच तिचा सांगाडा होता आणि चालना पुढील चाकांना होती. शेव्हरोले ॲस्ट्रोसारख्या मागील चाकांना चालना देणाऱ्या काही व्हॅन यास अपवाद होत्या आणि त्या अधिक वजन ओढू शकत. परंतु ॲस्ट्रोचे उत्पादन २००५ मध्ये थांबले. आज बाजारात असलेल्या बहुतेक मिनीव्हॅन पुढील चाकांवर चालतात. ओझे मागे जोडायचे आणि ओढायचे पुढच्या चाकांनी, या विसंगतीतून पुढे वर्णिलेल्या बऱ्याचशा अडचणी उद्भवतात.

लहान ट्रेलरांचा इतिहास याहून जुना आहे. अश्रूच्या थेंबासारखा आकार असलेले टिअरड्रॉप ट्रेलर १९३० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झाले. आत फक्त झोपण्याची जागा आणि मागचे झाकण उचलल्यावर उघडणारे स्वयंपाकघर अशी त्यांची मांडणी असे. कॅनडातील विनिपेग शहरात १९६८ पासून तयार होऊ लागलेला बोलर हा फायबर ग्लासचा अंडाकृती ट्रेलर आणि त्याच धर्तीवर अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बनणारा स्कॅम्प हे मिनीव्हॅनच्या आवाक्यातील ट्रेलरांचे ठळक नमुने आहेत. तिसरा प्रकार घडीच्या ट्रेलरांचा. प्रवासात पेटीसारखा बुटका असणारा हा ट्रेलर मुक्कामावर वर उचलला जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कापडी तंबू बाहेर येतो.

ओढण्याची क्षमता

होंडा ओडिसी, टोयोटा सिएना आणि किया कार्निव्हल या मिनीव्हॅनची अमेरिकेत घोषित केलेली ओढण्याची कमाल क्षमता ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो आहे. क्रायस्लर पॅसिफिकाची क्षमता योग्य सामग्री बसवलेली असल्यास ३,६०० पौंड आहे. मात्र याच गाडीच्या प्लग-इन हायब्रिड आवृत्तीने ट्रेलर ओढण्यास उत्पादकाने संमती दिलेली नाही. एकाच नावाच्या दोन गाड्यांत इतका फरक असू शकतो. म्हणून जाहिरातीतील आकड्यापेक्षा त्या विशिष्ट गाडीची मालक-पुस्तिका आणि चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेली माहितीपट्टी अधिक विश्वसनीय मानली जाते.

घोषित आकडा ही अनुकूल परिस्थितीतील वरची मर्यादा असते. एसएई इंटरनॅशनल या अभियंत्यांच्या संस्थेने जे२८०७ हे मानक तयार केले आहे. त्यानुसार घेतल्या जाणाऱ्या चाचण्यांत ॲरिझोना राज्यातील डेव्हिस डॅमजवळचा लांब चढ भर उन्हात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून चढण्याची कसोटी असते. मात्र अशा चाचणीतील गाडीत माणसे मोजकी असतात. काही उत्पादकांच्या पुस्तिकांत गाडीत बसणाऱ्यांची संख्या वाढेल तसतशी ओढण्याची मर्यादा कमी करणारा तक्ताच दिलेला असतो. सात-आठ माणसे बसवून पूर्ण क्षमतेचा ट्रेलर ओढता येईल, ही समजूत त्यामुळे बहुतेक मिनीव्हॅनच्या बाबतीत चुकीची ठरते.

वजनाखेरीज ट्रेलरच्या समोरच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळही महत्त्वाचे असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास हा विरोध दीडपटीहून अधिक होतो. उंच, सपाट तोंडाचा ट्रेलर वजनाने हलका असला तरी महामार्गावर इंजिनाला जड जातो. घडीचा किंवा टिअरड्रॉप ट्रेलर व्हॅनच्या आडोशात राहत असल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या उंच ट्रेलरपेक्षा सहज ओढला जातो.

वजनांचा हिशेब

ट्रेलरच्या विक्रीपत्रकातील वजन हे रिकाम्या ट्रेलरचे असते आणि पुष्कळदा त्यात बॅटरी, गॅसची टाकी किंवा नंतर बसवलेले वातानुकूलन यंत्र धरलेले नसते. वीस पौंडी गॅस टाकी भरल्यावर सुमारे १७ किलोची होते, लेड-ॲसिड बॅटरी वीस किलोच्या आसपास असते आणि पाण्याचा प्रत्येक लिटर एक किलोची भर घालतो. भांडी, अंथरुणे, खुर्च्या, शिधा हे सारे धरले म्हणजे लहान ट्रेलरचे वजनही सहज दीडशे-दोनशे किलोंनी वाढते.

दुसरी मर्यादा व्हॅनच्या स्वतःच्या भारवहनाची, म्हणजे पेलोडची असते. पुष्कळ मालकांच्या बाबतीत ओढण्याच्या क्षमतेआधी हीच मर्यादा संपते. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर जेवढा भार टाकतो तो व्हॅनला पाठीवर वाहावा लागतो आणि म्हणून तो पेलोडमध्येच मोजायचा असतो. उदाहरणादाखल, एखाद्या व्हॅनचा पेलोड ५४० किलो असल्याचे धरू. दोन प्रौढ व दोन मुले मिळून २१० किलो, व्हॅनमधील सामान १०० किलो, हिच व तिचे सुटे भाग २० किलो आणि ८५० किलोच्या ट्रेलरचा दांड्यावरील भार १०२ किलो धरल्यास बेरीज ४३२ किलो होते. १०८ किलो शिल्लक राहतात. याच गाडीत आणखी दोन प्रौढ पाहुणे त्यांच्या बॅगांसह बसले की ही शिल्लक संपते, आणि तरीही ट्रेलरचे वजन ओढण्याच्या मर्यादेच्या जेमतेम निम्मे असते.

याशिवाय व्हॅन आणि ट्रेलर यांचे मिळून एकूण वजन आणि प्रत्येक आसावरील भार यांनाही उत्पादकाने मर्यादा घातलेल्या असतात. प्रत्यक्ष वजन करणे हाच त्यांची खात्री करण्याचा मार्ग आहे. उत्तर अमेरिकेत महामार्गांवरील ट्रक थांब्यांवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. त्यांवर पुढील आस, मागील आस आणि ट्रेलर यांची वजने एकाच वेळी वेगवेगळी मिळतात. प्रवासाला निघतो तसे सारे सामान आणि सारी माणसे घेऊन काट्यावर उभे राहणे आवश्यक असते. रिकामी गाडी तोलून मिळालेला आकडा या कामी निरुपयोगी आहे.

दांड्यावरील भार

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी जो भाग पुढच्या दांड्यावाटे हिचवर पडतो त्यास टंग वेट म्हणतात. उत्तर अमेरिकेत तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असा संकेत आहे. युरोपात साधारण ५ ते ७ टक्के भार पुरेसा मानला जातो. तेथील ट्रेलरांची बांधणी वेगळी असते आणि ट्रेलरसह वाहनांवर वेगमर्यादाही अनेक ठिकाणी कडक असतात.

बैलगाडी भरण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना या संकल्पनेचा अर्थ सहज कळतो. माल मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, पुढची बाजू वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून वर ओढले जाते. माल पुढे जास्त झाला तर सारा भार मानेवर येतो. ट्रेलरच्या बाबतीतही हेच घडते, फक्त वेगामुळे परिणाम अधिक घातक होतो. उलाळ भरलेला ट्रेलर ठरावीक वेगापुढे शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे डोलू लागतो. वाऱ्याचा झोत, शेजारून गेलेला मोठा ट्रक किंवा उतारावर वाढलेला वेग एवढे कारण त्यास पुरते. ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या मागे गेलेला असल्यास प्रत्येक हेलकावा आधीच्या हेलकाव्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी ट्रेलर व्हॅनचीच मागची बाजू फिरवतो. दोन सायकली ट्रेलरच्या मागे टांगणे हे निरुपद्रवी वाटणारे कृत्य लहान ट्रेलरचा तोल बिघडवण्यास पुरेसे असते, कारण तेथील वजनाला आसापासून मोठा हात मिळतो.

भार मोजण्यासाठी घरगुती वजनकाटा चालतो. काट्यावर थेट शंभर किलो ठेवण्याऐवजी एक भक्कम लाकडी तुळई घेतात. तिचे एक टोक जमिनीवरील पाइपावर आणि दुसरे काट्यावर टेकवतात. ट्रेलरचा दांडा पाइपापासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर तुळईवर टेकवला म्हणजे काट्यावर एकूण भाराच्या एक तृतीयांश भार दिसतो. वरील उदाहरणात काटा ३४ किलो दाखवील आणि त्याची तिप्पट १०२ किलो होईल. मोजताना ट्रेलर समपातळीत असावा लागतो व चाकांना ओट लावलेली असावी लागते. तुळईचे वजन आधी वजा करावे लागते.

हिच

व्हॅनच्या तळाशी बोल्टांनी घट्ट केलेल्या पोलादी आडपट्टीस आणि तिच्या मध्यभागी असलेल्या चौकोनी नळीस मिळून रिसीव्हर हिच म्हणतात. उत्तर अमेरिकेत हिचचे वर्ग ठरलेले आहेत. पहिल्या वर्गाची हिच २,००० पौंडांपर्यंतच्या आणि दुसऱ्या वर्गाची ३,५०० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरसाठी असते. दोन्हींची नळी सव्वा इंची असते. तिसऱ्या वर्गाची नळी दोन इंची असून ती याहून जड ट्रेलरसाठी असते. मिनीव्हॅनला तिसऱ्या वर्गाची हिचही मिळते व ती बसवल्याने सुटे भाग सहज उपलब्ध होतात. परंतु त्यामुळे गाडीची क्षमता वाढत नाही. गाडी, हिच, बॉल, कपलर आणि ट्रेलर या साखळीत ज्याची मर्यादा सर्वांत कमी तीच साऱ्या जोडीची मर्यादा होय.

बहुतेक मिनीव्हॅनमध्ये हिच बसवण्यासाठी वेल्डिंग करावे लागत नाही; सांगाड्यात त्यासाठी कारखान्यातूनच भोके ठेवलेली असतात. अनेक गाड्यांत सायलेन्सरचे रबरी टांगे सोडवून तो थोडा खाली घ्यावा लागतो. बंद पोकळीतून बोल्ट बाहेर काढण्यासाठी वळवलेली तार आत सरकवून तिच्या टोकाला बोल्ट अडकवतात व ओढून घेतात. शेवटी सर्व बोल्ट टॉर्क पान्याने नेमून दिलेल्या मापापर्यंत आवळायचे असतात. काही मॉडेलांत स्टेपनी मागच्या बाजूला खाली टांगलेली असते. हिच लावल्यावर ती काढता येते की नाही हे बसवतानाच पाहिलेले बरे.

बॉलच्या मापाची गफलत हा अपघाताचा एक जुना मार्ग आहे. लहान ट्रेलरांना पावणेदोन इंचांहून किंचित मोठा, म्हणजे एक पूर्णांक सात अष्टमांश इंचाचा, किंवा दोन इंचाचा बॉल लागतो. दोन इंची कपलर लहान बॉलवर ठेवला तर तो बसल्यासारखा दिसतो, खटकाही लागतो, परंतु खड्ड्यात आदळताच तो वर उडून निसटू शकतो. बॉल व कपलर या दोहोंवर माप कोरलेले असते. खटका लावल्यावर ट्रेलरचा जॅक थोडा फिरवून व्हॅनची मागची बाजू वर उचलली जाते का हे पाहतात. उचलली गेली तर पकड खरी. दोन सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन अडकवतात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो.

वजन वाटून देणारी, स्प्रिंगच्या दांड्यांची हिच मोठ्या वाहनांत सर्रास वापरतात. मिनीव्हॅनच्या बाबतीत उत्पादकांची मते भिन्न आहेत. काही जण तिला मनाई करतात. पुस्तिकेत मनाई असल्यास ती पाळणे श्रेयस्कर, कारण एकसंध कायेच्या गाडीत तो ताण थेट पत्र्याच्या सांगाड्यावर येतो.

मागील सस्पेन्शन

दांड्यावरील भार मागील आसाच्याही मागे पडत असल्यामुळे व्हॅन तरफेसारखी वागते. आसांमधील अंतर ३ मीटर आणि मागील आसापासून बॉलपर्यंतचे अंतर १.२ मीटर असल्यास बॉलवरील १०० किलो भारामुळे मागील आसावर १४० किलो वाढतात आणि पुढील आसावरून ४० किलो कमी होतात. चालना आणि सुकाणू दोन्ही पुढील चाकांकडे असल्यामुळे हे ४० किलो नेमके हवे तेथूनच जातात. ओल्या चढावर चाके जागीच फिरू लागतात, वळताना गाडी सैल वाटते आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो.

यावर स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे मागील कॉइल स्प्रिंगच्या आत बसवायच्या हवेच्या पिशव्या. सायकलच्या पंपानेही त्यांत हवा भरता येते. रिकाम्या प्रवासात हवा कमी आणि ट्रेलर जोडल्यावर जास्त ठेवून गाडी समपातळीत आणतात. क्रायस्लरच्या काही व्हॅनमध्ये कारखान्यातूनच आपोआप उंची राखणारे मागील शॉक ॲब्सॉर्बर मिळत. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे की पिशव्या गाडीचा मागचा भाग वर उचलतात, आसाची मर्यादा मात्र वाढवत नाहीत.

विद्युत जोडणी

सर्वांत साध्या जोडणीस चार तारांचा चपटा प्लग लागतो. प्रचलित रंगसंकेतानुसार पांढरी तार अर्थिंगची, तपकिरी मागील दिव्यांची, पिवळी डाव्या आणि हिरवी उजव्या ब्रेक व इंडिकेटरची असते. अमेरिकी ट्रेलरांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यावर चालतात. बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये मात्र ते वेगवेगळे असतात. म्हणून दोन्ही संकेत एकत्र करणारा कन्व्हर्टर मध्ये बसवावा लागतो. बॅटरीपासून स्वतंत्र तार घेणारा कन्व्हर्टर अधिक सुरक्षित समजला जातो, कारण त्यात ट्रेलरच्या दिव्यांचा भार व्हॅनच्या नाजूक परिपथांवर येत नाही. अनेक मॉडेलांसाठी तयार हार्नेस मिळतात. ते मागील दिव्यांच्या किंवा आतील पॅनेलमागच्या प्लगांत बसतात आणि तार कापावी लागत नाही.

ट्रेलरला विद्युत ब्रेक असतील किंवा त्याची बॅटरी वाटेत चार्ज करायची असेल तर सात टोकांचा गोल सॉकेट लागतो. त्यासाठी पुढच्या बॅटरीपासून मागपर्यंत जाड तार न्यावी लागते. ती सायलेन्सरपासून दूर, पन्हळी नळीतून आणि पत्र्याच्या भोकात रबरी गळपट्टी बसवून न्यायची असते. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर हवाच. तो नसल्यास कोठेतरी घासून उघडी पडलेली तार आग लावू शकते. दिवे न लागण्याच्या तक्रारींचे मूळ बहुधा गंजलेल्या अर्थिंगमध्ये सापडते.

ब्रेक

ट्रेलरचे वजन किती असल्यास त्याला स्वतःचे ब्रेक हवेत याचे कायदे प्रांतागणिक बदलतात. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत ही सीमा ३,००० पौंड आहे, तर कॅलिफोर्नियासारख्या राज्यात १,५०० पौंड. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात ती १,३६० किलो, तर युरोपात सर्वसाधारणपणे ७५० किलो आहे. कायद्याची सीमा काहीही असली तरी काही मिनीव्हॅन उत्पादक याहून बऱ्याच कमी वजनापासून ट्रेलरचे ब्रेक आवश्यक मानतात.

त्यामागचे कारण साधे आहे. वरील उदाहरणातील व्हॅन आणि ट्रेलर मिळून सुमारे ३,२०० किलो भरतात असे धरले, तर ३०० मीटर खोल घाट उतरताना सुमारे ९४ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणण्यास एवढी ऊर्जा लागते. तिचा जो भाग इंजिन आणि हवा शोषून घेत नाही तो ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता म्हणून साठतो. ब्रेक फार तापले की पेडल दाबले जाते, पण गाडी मंदावत नाही. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा मालमोटारींच्या चालकांचा नियम येथेही लागू पडतो.

विद्युत ब्रेक चालवण्यासाठी चालकासमोर ब्रेक कंट्रोलर बसवतात. जुन्या प्रकारचा कंट्रोलर पेडल दाबल्यावर ठरावीक वेळात ठरावीक दाब देतो. प्रमाणबद्ध कंट्रोलर गाडी किती झपाट्याने मंदावते हे जोखून त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावतो आणि म्हणून कौटुंबिक गाडीसाठी तोच योग्य ठरतो. मिनीव्हॅनमध्ये त्यासाठी तयार प्लग क्वचितच असतो; बॅटरी, अर्थिंग, ब्रेक पेडलचा स्विच आणि मागील सॉकेट अशा चार तारा ओढाव्या लागतात. सपाट, कोरड्या आणि मोकळ्या रस्त्यावर ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने ब्रेक लावून त्याचे नियमन करतात. ट्रेलरची चाके घसरू लागतील इतका जोर वाढवायचा आणि मग थोडा मागे घ्यायचा.

ट्रेलर पूर्णपणे सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून दांड्यावर ब्रेकअवे स्विच असतो. त्याची बारीक तार व्हॅनच्या सांगाड्याला किंवा हिचला बांधतात, सुरक्षा साखळीला नव्हे. स्विचला वीज ट्रेलरवरील बॅटरी पुरवते, म्हणून ती बॅटरी उतरलेली असली की ही सोय नावापुरतीच उरते.

गिअरबॉक्सचे शीतकरण

स्वयंचलित गिअरबॉक्समधील टॉर्क कन्व्हर्टर चढावर घसरत चालतो आणि त्यातून बरीच उष्णता निर्माण होते. तापलेले तेल वंगणाचा गुण गमावते. यासाठी रेडिएटरच्या पुढे एक जादा ऑइल कूलर बसवतात. रेडिएटरमधील मूळ कूलरमधून निघालेले तेल त्यातून फिरवून परत पाठवतात. होंडाने ओडिसीच्या जुन्या मॉडेलांत ट्रेलर ओढण्यासाठी असा कूलर बसवण्याची शिफारस केलेली होती. टोयोटा सिएना २०२१ च्या मॉडेलपासून केवळ हायब्रिड स्वरूपात मिळते व तिची गिअर योजना निराळी आहे. अशा गाडीत बाहेरचे कूलर जोडण्याचा प्रश्न सहसा येत नाही. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या तेलबदलाचा कालावधी पुस्तिकेत सामान्यतः कमी दिलेला असतो.

टायर आणि चाके

ट्रेलरच्या टायरांचे आयुष्य झिजेपेक्षा वयाने अधिक ठरते. वर्षातून दोन-तीन सहली करणाऱ्या ट्रेलरची टायरे नवी दिसत असतानाच आतून कमजोर होतात, म्हणून पाच-सहा वर्षांनी ती बदलतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या सांकेतिक क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. हवा थंड टायरमध्ये आणि बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी भरतात. लहान चाके व्हॅनच्या चाकांपेक्षा वेगाने फिरत असल्यामुळे त्यांच्या बेअरिंगांना वेळेवर ग्रीस लागते. प्रवासातील पहिल्याच थांब्यावर हाताने हबचा गरमपणा तपासण्याची सवय अनुभवी मंडळींना असते.

चालवणे

ट्रेलरसह थांबण्याचे अंतर वाढते आणि वळणावर ट्रेलर आतल्या बाजूने कापत जातो, एवढे दोन फरक पहिल्या दिवशीच जाणवतात. ट्रेलर व्हॅनपेक्षा रुंद असल्यास जादा आरसे लावावे लागतात. मागे घेताना हात सुकाणूच्या खालच्या बाजूस ठेवल्यास ट्रेलर ज्या दिशेने वळवायचा त्याच दिशेने हात न्यावा लागतो आणि गोंधळ टळतो. लहान ट्रेलर मागे घेणे मोठ्यापेक्षा अवघड असते, कारण त्याचा दांडा आखूड असतो आणि तो चटकन काटकोनात दुमडतो.

ट्रेलर डोलू लागल्यास ब्रेक दाबणे किंवा सुकाणू उलटसुलट फिरवणे धोक्याचे आहे. ॲक्सिलरेटर सोडून सुकाणू सरळ धरतात आणि कंट्रोलरवरील कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावतात, म्हणजे ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो. वेग वाढवून डोलणे थांबवता येते ही ऐकीव माहिती धोकादायक आहे. डोलणे एकदा थांबले तरी गाडी बाजूला घेऊन सामानाची मांडणी तपासावी लागते, कारण मूळ कारण तसेच राहिलेले असते.

परवाने आणि नियम

अमेरिकेत व कॅनडात या वजनाच्या ट्रेलरसाठी सहसा वेगळा चालक परवाना लागत नाही, परंतु ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी बहुतेक ठिकाणी प्रचलित आहे. प्रवासात ट्रेलरमध्ये माणसे बसवण्यास अनेक राज्यांत बंदी आहे. युरोपीय संघात ‘ब’ वर्गाच्या परवान्यावर ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो; त्याहून जड ट्रेलर असल्यास वाहन व ट्रेलर यांचे मिळून अनुज्ञेय वजन ३,५०० किलोंच्या आत असावे लागते. जर्मनीत ट्रेलरसह मोटारींना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असून विशेष मान्यता घेतल्यास महामार्गावर ती १०० करता येते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रेलरची व्याख्या केलेली असून त्याची नोंदणी वाहनाप्रमाणे वेगळी करावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. मात्र भारतीय बाजारातील बहुउद्देशीय प्रवासी गाड्यांबरोबर कारखान्यात बसवलेली हिच किंवा ब्रेक कंट्रोलरची जोडणी सहसा मिळत नाही, आणि अशा गाड्यांच्या मागे कॅम्पर ट्रेलर जोडलेला येथील रस्त्यांवर क्वचितच दिसतो.